पायापुढे पडलेला खडा

आमच्या शाळेत हाक मारून उपयोग नसतो. नव्याने कामाला लागलेल्या बायका पहिले काही दिवस ते विसरतात, ओसरीवरून "ए पोरी" म्हणून ओरडतात आणि मग स्वतःच ओशाळतात. ही कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. इथे कुणाला बोलवायचं तर उठून त्याच्यापर्यंत चालत जायचं आणि खांद्याला हात लावायचा. जेवायला बसला असेल तर बाकावर थाप मारायची, हादरा त्याला कळतो. खोलीत असेल तर दिवा चालू-बंद करायचा. मैदानात असेल तर हात हलवायचा आणि त्याची नजर वळेपर्यंत हलवत राहायचा. मी वसतिगृहाची अधीक्षिका. चालून चालून माझे गुडघे गेले असं मी हसत सांगते, डॉक्टर मात्र ते हसण्यावारी नेत नाहीत.

शाळा साताऱ्याहून वडूजकडे जाताना माळावर आहे. माझं घर सांगलीत. महिन्यातून एकदा एसटीनं घरी जाते, झोप काढते आणि परत येते. घरचे म्हणतात, आता पुरे कर. ते मला आधीच पटलेलं आहे. संध्याकाळी मुलींच्या वेण्या घालायला बसले की शेवटच्या दोघी-तिघींच्या वेण्या तिरक्या होतात, कारण तोवर माझ्या हातात काही उरलेलं नसतं. मुली आरशात बघतात, माझ्याकडे बघतात आणि समजूतदारपणे काही म्हणत नाहीत. त्यांचा हा समजूतदारपणा मला सहन होत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं की आम्ही इथे मुक्या मुलांना नुसतं बोलायला शिकवतो. आणि आणखी एक वाटतं, की या मुलांना केक मिळत नाही. म्हणून शहरातले लोक आपापल्या बाळांचे वाढदिवस साजरे करायला आमच्याकडे येतात. केक कापतात, फोटो काढतात, एखाद्या मुलाला जवळ ओढून "बिचारं" म्हणतात आणि जातात. मुलं टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवल्याशिवाय केक वाटत नाहीत हे त्यांनी कधीच ओळखलेलं आहे. मला या मंडळींचा राग येतो आणि राग येतो म्हणून स्वतःचाही येतो, कारण त्यांच्यातलीच कुणीतरी मग पांघरुणं पाठवते, पाण्याची टाकी देते. शाळा अशीच चालते.

ऐकू न येणं हे आमच्या मुलांच्या दुखण्यांतलं सगळ्यात लहान दुखणं. मोठं दुखणं वेगळंच असतं. सात-आठ वर्षं एका घरात काढायची आणि त्या घरात आपल्याला कुणी काही सांगितलेलं नसायचं. एक मुलगा दर सुट्टीला फाटकाशी उभा राहून बापाची वाट बघायचा. बाप वारला होता. मूल त्या दिवशी घरातच होतं, पण त्याला सांगणार कसं, म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. बाप आडवा झाला, लोक जमले, उचलून घेऊन गेले, एवढं त्यानं पाहिलं होतं. घेऊन गेले म्हणजे कधीतरी आणून सोडतील. हातानं बोलायच्या पुरेशा खुणा त्याला आल्यावर ते आम्ही सांगितलं. नंतर कितीतरी दिवस तो आमच्याशी भांडला, ताट ढकलायचा, अंथरूण भिजवायचा. मग एक दिवस फाटकाशी जायचा थांबला. आमच्या कामाचं यश म्हणतात ते असं दिसतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

पण मला सांगायचं आहे ते एका मुलीबद्दल.

तिला तिच्या चुलत्यानं मोटरसायकलवरून आणून सोडलं तेव्हा ती आठेक वर्षांची असेल. माण तालुक्याकडची माणसं. चुलत्याची मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन ही मंडळी कराडकडे, कृष्णाकाठाला उतरतात आणि पुढचे कितीतरी महिने रानोमाळ हिंडतात. घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या. मुलीची आई तापानं गेली होती. बाप मुंबईत कामाला होता आणि त्यानं तिकडेच दुसरं घर केलं होतं. म्हणून पोरगी कळपाबरोबर.

"कामाला चपळ हाय," चुलता म्हणाला. "पर तिला कळत न्हाई कायबी."

मग जाता जाता, काही तरी सांगायचं राहून गेल्यासारखं, तो म्हणाला, "एकदा वाटंत हरवली हुती. दुसऱ्या दिसाला घावली."

"हरवली कशी?"

त्यानं मोटरसायकलच्या आरशावरची धूळ पुसली. "हरवली आपली," म्हणाला, आणि गेला.

ती माणसांच्या चेहऱ्याकडे बघत नसे. ऐकू न येणारं मूल एरवी चेहऱ्यावरच जगतं, तिथूनच त्याला सगळं मिळतं. ही पायांकडे बघायची. कुणाचे पाय कुठे चालले आहेत, एवढंच. कुणी चप्पल घातली की तिची मान ताठ व्हायची. कॉटवर झोपायला तयार नव्हती, दारात घोंगडं टाकायची, म्हणजे तिला ओलांडल्याशिवाय कुणाला बाहेर जाता येऊ नये. हेही आम्ही पाहिलेलं होतं, इथे प्रत्येक मूल आपापली एक तऱ्हा घेऊन येतं. आम्हाला जड गेली ती दुसरीच गोष्ट. ती दगड मारायची.

पहिला दगड मुख्याध्यापक सरांच्या वाट्याला आला. सर शाळा सुटल्यावर स्कूटर सुरू करत होते, तेवढ्यात पुढच्या चाकापाशी टक्कन खडा पडला. दुसरा मला. मी पिशवी घेऊन सांगलीच्या एसटीसाठी निघाले होते. मग स्वयंपाकाच्या मावशी, दूधवाला, लाईटचं मीटर बघायला आलेला माणूस. लहान लहान खडे, पण नेम असा की अंगावर काटा यावा. रागावून झालं, समजावून झालं, हात धरून ठेवून झालं. शेवटी सरांनी सगळ्या मुलांना रांगेत उभं करून आवारातले दगड वेचून घेतले. माळावरच्या शाळेत दगड वेचायचे! पुढच्याच सरीनं जमिनीतून नवे वर आले. मधल्या काळात ती चिंचोक्यांवर आली, मग साबणाच्या चिपांवर, आणि एकदा तर तिनं आपल्या श्रवणयंत्राचा सेल काढून फेकला. ते यंत्र मिळवायला सरांनी किती चकरा मारल्या होत्या ते मला माहीत आहे. सर डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

आमची मुलं एकमेकांना स्वतःच नावं देतात, हातानं. माझं नाव चष्मा वर सरकवणं. सरांचं नाव पोटावर गोल हात फिरवणं, ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. या मुलीला नाव मिळालं: अंगठा आणि बोटात खडा धरायचा आणि सोडायचा.

आणि मग वाढदिवसाचा केक घेऊन आलेल्या एका बाईंच्या चपलेपुढे खडा पडला. त्या फोटो काढून झाल्यावर गाडीकडे निघाल्या होत्या. त्या जोरात किंचाळल्या. मुलांपैकी कुणी वळूनही बघितलं नाही, साहजिकच. बाईंची ओळख आमच्या संस्थेच्या सचिवांशी निघाली. दुसऱ्या दिवशी सचिवांचा फोन आला. असली हिंसक मुलं आपण ठेवू शकत नाही, इतर मुलांच्या पालकांना काय उत्तर देणार, चुलत्याला बोलवा. मी चुलत्याला फोन लावला. तो रेंजमध्ये नव्हता, कुठल्या तरी माळावर होता. तेवढ्यानं ती वाचली. मला हायसं वाटलं नाही. मला वाटलं, जाईल तर जाऊ दे, एक कमी.

दिवाळीची सुट्टी लागली. पालक आले, मुलांना घेऊन गेले, हिला न्यायला कुणी आलं नाही. मग चुलत्याचा निरोप मिळाला, की कळप उंब्रजच्या पुढे एका शेतात बसवला आहे. काढणी झालेल्या शेतात मेंढरं रात्री बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं. म्हटलं, आपणच सोडून येऊ. एसटी, मग माणसं कोंबलेली वडापची जीप, माझ्या मांडीवर तिची पिशवी. संपूर्ण वाटभर ती खिडकीतून रस्त्याच्या कडेला मेंढरांच्या लेंड्या शोधत होती.

जीप थांबली तेव्हा चुलता शेताच्या कडेला काठीला टेकून उभा होता. पलीकडे ऊस होता. एक मेंढी कळपातून सुटून उसाकडे चालली. माझ्याशी बोलता बोलता, तिच्याकडे धड न बघता, त्यानं खाली वाकून खडा उचलला आणि टाकला. खडा मेंढीच्या तोंडापुढे पडला. ती थबकली आणि मुकाट्यानं माघारी वळली.

तेवढ्यात मुलीनं पिशवी टाकली आणि पळाली. दुसऱ्या बाजूनं दोन मेंढ्या निघाल्या होत्या. तिनं पळता पळताच खडा उचलला, टाकला. दोन्ही वळल्या. ती हसत होती. आमच्याकडे आल्यापासून तिचा हसरा चेहरा मी पाहिलेला नव्हता.

"लागत नाही का जनावराला?" मी विचारलं.

"लागून कसं चालंल बाई? म्होरं पडला पायजे. जनावराला कळतं, हिकडं न्हाई जायचं, माघारी फिरायचं."

मी बांधावर बसले. गुडघ्यांमुळे नव्हे. सरांची स्कूटर, माझी एसटीची पिशवी, दूधवाल्याची सायकल, त्या बाईंची गाडी, सगळं एका रांगेत माझ्या डोळ्यांपुढून गेलं. एकही खडा कुणाला लागला नव्हता. एकही आत येणाऱ्याच्या पुढे पडला नव्हता. सगळे बाहेर निघालेल्यांच्या पायापुढे पडले होते. ही पोर आम्हाला मारत नव्हती. ती आम्हाला माघारी वळवत होती, आणि आमच्यापैकी एकालाही वळायचं कळत नव्हतं.

मला इतका राग आला की काय सांगू. कुणाचा, ते मात्र ठरवता येईना.

सुट्टी संपल्यावर मी तिला परत आणलं आणि सरांना सांगितलं. सर भले गृहस्थ आहेत, त्यांना पटलं. सचिवांना पटवणं अवघड गेलं. "म्हणजे ती आपल्याला मेंढरं समजते?" ते म्हणाले. मी म्हटलं, "सगळ्यांना नाही." हे बोलायला नको होतं, पण माझं असंच आहे. सरांनी मध्ये पडून वर्षअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर दगड थांबले नाहीत तर तिला परत पाठवायचं असं ठरलं. परत म्हणजे कुठे, तर जिथे दिवसभरात तिच्याशी एक गोष्ट बोलायला कुणी नाही तिथे.

मग आम्ही काय केलं? काहीही अद्भुत केलं नाही. आपल्याकडे घरातून निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. जाणाऱ्यानं जाताना परत यायचं कबूल करून जायचं, एवढी साधी रीत. ती आम्ही हातावर आणली. हात छातीपासून बाहेर न्यायचा आणि परत छातीशी आणून टेकवायचा. येतो. फाटकाबाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं, कितीही घाई असली तरी, आधी तिला शोधायचं, तिच्यासमोर खाली बसायचं, तिची नजर पायांवरून वर यायची वाट बघायची, आणि मग हे करायचं. मग परत आल्यावर पुन्हा तिला जाऊन दाखवायचं, आलो. सरांनी, मावशींनी, मीटर बघणाऱ्यानंसुद्धा.

वाचायला हे सोपं वाटतं. रोज करून बघा. एकदा एसटी फलाटाला लागलेली होती आणि मला आठवलं की मी तिला सांगितलेलं नाही. मी तशीच माघारी आले, माळ चढून. गाडी गेली, दुसरी संध्याकाळी होती. मी तिच्यासमोर बसून "येते" केलं तेव्हा माझा चेहरा काही प्रेमळ नसणार. सरांची पण कुरकुर चालायची, एखादे दिवशी ते मागच्या बाजूनं स्कूटर ढकलत निघायला बघायचे आणि चाकापुढे खडा पडला की निमूट परत यायचे. सगळ्यात चांगलं दूधवाला करायचा. त्याच्या घरी लहान लेक होती, त्याला खाली बसायची सवय होती.

कधी फरक पडला ते मला सांगता येणार नाही. अशा गोष्टींना एक दिवस नसतो. खडे कमी झाले. मग खडा हातात असायचा पण सुटायचा नाही. खुणा चेहऱ्याजवळ होतात, त्यामुळे तिला चेहऱ्याकडे बघणं भाग पडलं, आणि चेहऱ्याकडे बघायला लागल्यावर बाकीच्या खुणा भराभर आल्या. वर्गात शिक्षक ओठ वाचायला शिकवतात, शब्द काढायला लावतात. त्यात ती मागेच राहिली. पण वसतिगृहात तिचे हात चालू झाले ते थांबेनात. कोण कुणाचं तेल चोरतं, कुणी भात खिडकीतून टाकला, कुणाच्या वहीत कुणाचं चित्र आहे, सगळं माझ्यापर्यंत यायला लागलं. मूल भाषेत आलं की आधी चहाड्या करतं. बाकीचं नंतर. सचिवांची मुदत केव्हा टळली ते सचिवही विसरले. कॉटवर मात्र ती अजूनही दाराकडे तोंड करून झोपते.

दिवाळीला आणि मे महिन्यात चुलता तिला घेऊन जायचा, आणून सोडायचा. सोडताना मोटरसायकलवरून उतरायचासुद्धा नाही. तिनं टाकलेला खडा धुरळ्यात पडायचा आणि त्याला दिसायचा नाही. त्याला थांबवून "येतो" शिकवायचं मी दोनदा ठरवलं, दोन्ही वेळा मी दुसऱ्याच कुणाच्या उलट्या पुसत होते.

या पावसाळ्याच्या अखेरीस तो मध्येच आला. कळप खाली उतरायची तयारी चालली होती. घरात नवं बाळ आलं होतं, बायको एकटी पडत होती.

"हिला न्यायला आलोय," तो म्हणाला. "आता ऱ्हाऊ द्या साळा. दोन वर्सं हून गेली. बोलती का ती?"

"नाही."

"एक सबूदबी?"

"एकही नाही." मी दमले होते. त्या आठवड्यात दोन बायका रजेवर होत्या आणि मुलींना खरूज झाली होती. सर असते तर त्यांनी त्याला शाळेचं महत्त्व समजावून सांगितलं असतं. मला तो सगळा पाठ येतो, पण तोंडातून निघेना. "बोलणार पण नाही," मी म्हटलं. "पण सांगते सगळं. तुम्हाला कळणार नाही."

"मग काय उपेग?"

"उपयोग काही नाही. जेवून घ्या."

जेवणाची वेळ होती म्हणून मी त्याला ओसरीवर बसवलं. आमटी-भात. ती ताट घेऊन त्याच्यासमोर बसली. तिची पिशवी मावशींनी भरून खांबाशी आणून ठेवली होती. तिनं पिशवीकडे पाहिलं, चुलत्याच्या पायांकडे पाहिलं, मग बऱ्याच वेळानं त्याच्या चेहऱ्याकडे. ताट बाजूला सरकवलं, हात पुसले आणि सांगायला लागली. त्याला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"काय करतीया ही?" त्यानं विचारलं.

मी शेजारी बसले आणि तिच्या हातांचं सांगत गेले.

झोपले होते. झुडपाखाली. उठले. मेंढी नाही. घोडा नाही. कुत्रा नाही. काकू नाही. चुलीचे दगड गरम. मी दगडांना हात लावला, गरम. लेंड्या होत्या, त्यांच्या मागून गेले. खूप चालले. मग डांबरी रस्ता आला. रस्त्यावर लेंड्या नाहीत, गाड्यांनी सगळं पुसलेलं. रस्ता तिकडे जातो, रस्ता इकडे जातो. मी बसले. मग मी खडे टाकले.

इथे ती थांबली. मी विचारलं, कुणाला? तिनं रस्त्याची खूण केली. रस्त्यावर. तिकडे टाकले, मग इकडे टाकले. खूप टाकले. कुणी वळलं नाही.

मग अंधार. मग सकाळ. मग काका.

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. कदाचित त्यासाठी लागणारी शेवटची खूण तिला आता कुठे मिळाली असेल, कदाचित ज्याला सांगायचं तो माणूस ताटावर बसलेला कधी मिळाला नसेल. मला रडू येत होतं आणि या माणसासमोर रडायचं नव्हतं.

चुलत्याचा हात भातात तसाच होता.

"आवं बाई, आमी हिला सोडून न्हवतो गेलो," तो म्हणाला. "म्होरं गेल्याव कळलं, पोरगी न्हाई. तसंच माघारी फिरलो. समदं रान पालथं घातलं. मी हाका मारतोय, हिची चुलती हाका मारतीया. रातभर हाका मारल्या. नरडं बसलं माजं, मग लय दिस बोलता येत न्हवतं. ती तितंच कुटंतरी असंल, आन् आमी..."

आपण काय म्हणालो ते त्याला आत्ता ऐकू आलं.

"हाका मारल्या," तो परत म्हणाला, अगदी हळू.

ती माझ्याकडे बघत होती. काय म्हणाला, तिनं विचारलं. आमच्याकडे हाकेला धड खूण नाही, कधी लागतच नाही. मी तोंड उघडून दाखवलं, तोंडापासून हात लांब लांब नेला, पुन्हा नेला, पुन्हा नेला. काका. काकू. रात्र. तुला.

तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मला?

तुला.

काकूनं पण?

मी त्याला विचारलं. "व्हय," तो म्हणाला. "ती तर रडत हुती." मी तेही सांगितलं. तिनं बराच वेळ त्याच्या तोंडाकडे, नुसत्या तोंडाकडे पाहिलं, जणू त्या रात्रीचं काही तिथे अजून दिसेल. मग ताट पुढे ओढलं आणि राहिलेला भात खाल्ला.

चुलत्यानं हात धुवायला फार वेळ लावला. परत आला तेव्हा पिशवीपाशी उभा राहिला, ती पायानं थोडी भिंतीकडे सारली. "ऱ्हाऊ द्या हिला हितं," म्हणाला. "बाळाला बगंल त्याची आजी." एवढंच. मोटरसायकल सुरू न करता तो ती ढकलत फाटकाकडे निघाला. मुलीला त्यानं काहीच सांगितलं नाही. सांगणार कसं, हाच विचार त्यानं केला असेल. मला चीड आली, इतकं सगळं झाल्यावरही हा माणूस पाठ फिरवून चालला होता. त्याला तरी ऐकू येतं, मी ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्याच्या पायापुढे खडा पडला.

त्याचा पाय उचललेला होता तो तिथेच थांबला. सारी हयात त्यानं हा खडा टाकला होता, त्याच्यापुढे कुणी टाकलेला त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं खड्याकडे पाहिलं आणि माघारी वळला.

ती ओसरीच्या पायरीवर उभी होती, रिकामा हात खाली सोडून. मग चालत त्याच्यापुढे गेली आणि वाट अडवून उभी राहिली.

"काय म्हंतीया?" त्यानं मला विचारलं.

"ती काही म्हणत नाही. तुम्ही म्हणायचंय."

"काय म्हणू?"

"येतो म्हणा."

"येतो की. लोणंदच्या बाजाराला जाताना येतोच."

"मला नको. तिला म्हणा." आणि मी लांबूनच हातानं करून दाखवलं.

त्यानं गाडी स्टँडवर लावली. हात धोतराला पुसला, छातीशी नेला आणि बाहेर नेला, आणि तिथेच सोडून दिला. अर्धंच. जातो एवढंच झालं.

तिनं मान हलवली. त्याचा तो राठ हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ओढून परत त्याच्या छातीला टेकवला. त्यानं पुन्हा एकदा केलं, या वेळी पूर्ण. तेव्हा ती वाटेतून बाजूला झाली.